मूक भयपटांचें मूळ : बखर आणि अस्सल

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. इतिहाससंशोधकास ही म्हण पाळतां येत नाहीं. कूळ आणि मूळ विचारणें हाच त्याचा धंदा. प्रस्तुत लेखांत ज्याचें मूळ आम्ही विचारणार आहों, तो विषय या पृष्ठांत कित्येक वाचकांस परका वाटेल. पडद्यावर भुतेंपिशाच्चें नाचविणारे मूकपट कोणीकडे आणि सनदा, करीने व बखरी कोणीकडे, असें ते म्हणतील. परंतु दोहोंचा संबंध आहे, आणि तो साधनांचा आहे. चित्रपटाची फीत हीहि एक प्रतच होय. मूळ प्रतीवरून तिच्या नकला होतात, नकलांत पाठभेद शिरतात, कोणी पदरचा मजकूर घालतो, कोणी पानें गाळतो, आणि शेवटीं मूळ प्रत हरवते. कागदास कसर व वाळवी लागते, तर जुन्या फितीचें नायट्रेटचें द्रव्य आपोआप कुजतें व सहज पेट घेतें. तेव्हां पोथ्यांच्या संशोधनाची जी शिस्त आपण बाळगतों, तीच येथें लावून पाहण्यास हरकत नसावी.

या प्रांतांत दोन विधानें इतक्या वेळां सांगण्यांत आलीं आहेत कीं, त्यांस सिद्धांताचें रूप आलें आहे. पहिलें असें कीं, फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यानें १८९६ सालीं काढलेला ‘ल मान्वार द्यु दियाब्ल’, म्हणजे ‘सैतानाचा वाडा’, हा जगांतील आद्य भयपट होय. दुसरें असें कीं, १९२० सालच्या ‘डॉक्टर कालिगारी’ या प्रख्यात जर्मन पटाची मूळ कथा सत्तेविरुद्ध बंड करणारी होती, परंतु तिच्याभोंवतीं मागाहून एक चौकट बसवून तिचें तेज हरण करण्यांत आलें. आमच्या मतें पहिलें विधान नांवाच्या घोटाळ्यावर उभें आहे आणि दुसरें एका बखरीवर. त्याचीं कारणें पुढें देतों.

प्रथम काळाचा क्रम लावूं. भिंतीवर हलती भीति उमटविण्याची कल्पना चित्रपटाहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिच्या जुन्यांत जुन्या पुराव्यांपैकीं एक पुरावा हस्तलिखितच आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स याच्या १६५९ सालच्या टिपणांत एका सांगाड्याचीं लहान लहान रेखाचित्रें आहेत. हा सांगाडा आपलेंच मस्तक धडावरून उचलून हातांत घेतो. हीं चित्रें भिंगाच्या कंदिलांतून दाखविण्यासाठीं काढलीं आहेत, असें हायगेन्सनें तेथेंच लिहून ठेविलें आहे. त्याचे कागद लायडन येथील विद्यापीठांत जपून ठेवण्यांत आले आहेत. हा कंदील म्हणजे कांचेवर रंगविलेलें चित्र भिंगांतून पडद्यावर पाडण्याचें यंत्र होय. याच यंत्राचे खेळ कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन हे १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें करीत असत, हें पुष्कळांस ठाऊक असेल. सारांश, हें यंत्र जन्मास आलें त्याच वेळीं त्याच्यापुढें सांगाडा उभा होता.

पुढें १७९८ पासून पॅरिस येथें रॉबर्टसन या नांवानें प्रसिद्ध असलेल्या एका मनुष्यानें ‘फँटास्मागोरिया’ नांवाचे खेळ सुरू केले, आणि लौकरच ते कापुसिन पंथाच्या एका ओसाड मठांत नेले. कंदील चाकांच्या गाड्यावर ठेवून पडद्यामागें पुढें-मागें सरकवीत. त्यामुळें भूत लहानाचें मोठें होत अंगावर चालून येत आहे असा भास होई. राज्यक्रांतींतील कत्तलींस तेव्हां पुरीं पांच वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. मेलेलीं माणसें पुन्हां दिसावींत, ही प्रेक्षकांची इच्छा व धास्ती दोन्ही खऱ्या होत्या.

तेव्हां सांगाडा, वटवाघूळ, धूर, अकस्मात् प्रकट होणारा सैतान हें साहित्य १८९६ सालीं नवें नव्हतें. तें साहित्य ज्या चलच्चित्रांत प्रथम दिसतें तोच आद्य भयपट, हा युक्तिवाद म्हणून टिकत नाहीं. मोडी अक्षर दिसलें एवढ्यावरून कोणी एखादा कागद शिवकालीन ठरवीत नाहीं. शिवाय नुसतें भयंकर दृश्य हीच कसोटी धरावयाची, तर एडिसनच्या कारखान्यानें १८९५ सालींच स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या शिरच्छेदाचा देखावा काढला होता. कॅमेरा मध्येंच थांबवून नटाच्या जागीं बाहुलें ठेवण्याची युक्ति त्यांत आहे. हा देखावा मेलिएसच्या पटापूर्वींचा आहे.

आतां प्रत्यक्ष मेलिएसच्या कृतीकडे वळूं. मेलिएस हा व्यवसायानें जादूगार. पॅरिसमधील रोबेर-हुदँ नाट्यगृह त्यानें १८८८ सालीं विकत घेतलें होतें. त्याचा हा पट तीन मिनिटांच्या आंतबाहेरचा आहे. वाड्यांत एक मोठें वटवाघूळ येतें व त्याचा सैतान होतो. सैतान कढई निर्माण करतो, तींतून स्त्री काढतो, सांगाडे आणि भुतें सोडून दोघां सरदारांस छळतो. शेवटीं एक सरदार क्रूस पुढें करतो आणि सैतान नाहींसा होतो. प्रत्येक क्षणीं कांहीं तरी गडप होतें किंवा प्रकट होतें, आणि प्रत्येक वेळीं आपणांस हंसूं येतें. कारण येथें सैतान हाच जादूगार आहे. त्याला आपणांस भिवावयाचें नसून चकित करावयाचें आहे. हा दोष नव्हे. ही कृति अत्यंत चपळ व आनंददायक आहे. परंतु तिचें कुळ रंगभूमीवरील जादूचे खेळ आणि परीकथांचीं नाटकें हें होय. तिला भयपटांच्या वंशावळींत मूळपुरुष म्हणून बसविणें म्हणजे दत्तकास औरस ठरविण्यासारखें आहे.

नांवाचा घोटाळा तर याहून मोठा आहे. हा पट अमेरिकेंत ‘द हॉन्टेड कासल’, म्हणजे ‘झपाटलेला वाडा’, या नांवानें गेला. मेलिएसनेंच १८९७ सालीं ‘ल शातो आँते’ हा दुसरा पट काढला. त्याचाहि अर्थ तोच. त्याच सालीं इंग्लंडांत जी. ए. स्मिथ यानें ‘द हॉन्टेड कासल’ याच नांवाचा तिसरा पट काढला. तीन कृती, दोन कर्ते, एक नांव! एकाचें वर्णन दुसऱ्याच्या नांवावर चढलें यांत नवल तें काय? १८९६ च्या पटाची प्रत तर नष्टच झाली असें समजत होते. ती १९८८ सालीं न्यूझीलंडच्या चित्रपट-संग्रहालयांत मिळाली. म्हणजे कित्येकांनीं या पटास आद्यत्व दिलें तें पट न पाहतांच दिलें. खुद्द मेलिएसनें १९२३ सालीं विपन्नावस्थेंत व उद्वेगाच्या भरांत आपल्या मूळ फिती मोंत्रॉय येथें जाळून टाकल्या. आज त्याच्या कृतींपैकीं जें हातीं आहे तें परक्यांच्या संग्रहांतून आलें आहे.

मेलिएसनंतर चौदा वर्षांनीं, १९१० सालीं, एडिसन कंपनीनें ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढला. मेरी शेली हिची कादंबरी १८१८ ची; तिचा हा पहिला चित्रावतार. सर्ल डॉली हा दिग्दर्शक, चार्ल्स ओगल हा राक्षसाचें काम करणारा नट, आणि लांबी एका रिळाची. कढईंतून राक्षसाचें शरीर हळूहळू घडत जातें. जळणाऱ्या बाहुल्याचें चित्र घेऊन तें उलटें फिरविल्यानें हा देखावा साधला आहे, आणि तो आजहि अंगावर कांटा आणतो. परंतु कंपनीनें आपल्या पत्रिकेंत त्या वेळीं काय छापलें? कथेंतील किळसवाणे प्रसंग शक्य तितके वगळून तिच्या गूढ व मानसिक भागावर भर दिला आहे, असें आश्वासन प्रेक्षकांस दिलें. हा समकालीन छापील कागद आहे. ज्या कृतीला पुढील पिढी भयपट म्हणते, तिचे निर्माते भयाची जबाबदारी झटकून टाकीत होते! यावरून १९१० पर्यंत भय ही विकण्याची वस्तु ठरली नव्हती, निदान या कंपनीच्या हिशेबीं तरी नव्हती, एवढें निश्चित होतें.

या पटाचा शेवट मात्र अत्यंत मार्मिक आहे. राक्षस आरशापुढें उभा राहतो व नाहींसा होतो, परंतु आरशांतील त्याचें प्रतिबिंब मागें राहतें. मग फ्रँकेन्स्टाइन स्वतः आरशापुढें येतो आणि त्याला आपल्या जागीं राक्षस दिसतो. कांहीं क्षणांनीं तो राक्षस विरून त्याचें स्वतःचें रूप येतें. भय बाहेरून येत नाहीं, तें पाहणाऱ्याचेंच रूप आहे, ही जाणीव येथें प्रथम डोकावते आणि लगेच मिटविली जाते.

तीच जाणीव १९१३ सालीं जर्मनींत मिटविली गेली नाहीं. ‘प्रागचा विद्यार्थी’ हा पट हान्स हाइन्झ एव्हर्स यानें लिहिला, श्टेलान राय यानें दिग्दर्शित केला. नायकाचें काम पाउल वेगेनर याचें. बाल्डुइन हा निर्धन विद्यार्थी पैशाच्या मोबदल्यांत आपल्या खोलींतील वाटेल ती वस्तु नेण्याची मोकळीक एका कपटी म्हाताऱ्यास लिहून देतो. खोलींत नेण्याजोगें कांहींच नाहीं. म्हातारा त्याचें आरशांतील प्रतिबिंब घेऊन जातो. तें प्रतिबिंब आरशांतून पाऊल बाहेर टाकतें आणि पुढें जन्मभर त्याच्या मागें लागतें. शेवटीं बाल्डुइन त्यावर गोळी झाडतो व स्वतः मरतो. गिडो झेबर यानें एकाच फितीवर दोनदां चित्र घेऊन एकाच नटास समोरासमोर उभें केलें. युक्ति म्हणून ही मेलिएसच्या युक्तीहून फारशी निराळी नाहीं. परंतु येथें युक्ति पाहून कोणी टाळी वाजवीत नाहीं, कारण ती जादूगाराची राहिली नसून नायकाच्या नशिबाची झाली आहे. या पटाचा परिणाम किती खोल होता यास समकालीन साक्षीदारहि आहे: ओटो रांक या मानसशास्त्रज्ञानें १९१४ सालीं ‘जोडमाणूस’ या विषयावर निबंध लिहिला आणि त्यांत याच पटाचा विचार केला. कलेच्या दृष्टीनें भयपटाचा आरंभ दाखवावयाचाच असेल तर आम्ही या पटाकडे बोट दाखवूं.

येथवर क्रम लावल्यानंतर दुसरें विधान तपासतां येतें. रोबेर्ट वीने यानें दिग्दर्शित केलेला ‘डॉक्टर कालिगारी’ २६ फेब्रुवारी १९२० रोजीं बर्लिन येथें प्रथम दाखविण्यांत आला. जत्रेंतील एक खेळवाला झोपेंत चालणाऱ्या मनुष्याकडून खून करवितो. तोच खेळवाला वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख निघतो. आणि शेवटीं कळतें कीं, ही कथा सांगणारा फ्रान्सिस हा स्वतःच त्या इस्पितळांतील रोगी आहे. ही शेवटची कलाटणी म्हणजेच वर सांगितलेली चौकट. झीगफ्रीड क्राकाउअर यानें १९४७ सालीं आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, कार्ल मायर व हान्स यानोविट्झ या लेखकद्वयाच्या मूळ कथेंत सत्ताधारी वेडा होता. चौकट जोडल्यामुळें सत्ताधारी शहाणा व बंडखोर वेडा ठरला. आणि जर्मन समाजाचें मन पुढें हुकूमशाहीकडे कसें झुकलें याचें हें पूर्वचिन्ह आहे. या मांडणीचा आधार कोणता? यानोविट्झ यानें पुष्कळ वर्षांनंतर लिहिलेली, अप्रकाशित अशी आपली आठवण. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर ती बखर होय: प्रसंगाचा साक्षीदार खरा, पण हकीकत मागाहूनची, आणि सांगणारा स्वतः पक्षकार.

अस्सल कागद, म्हणजे मूळ पटकथा, हरवली असें सर्व धरून चालले होते. ती हरवली नव्हती. कालिगारीचें काम करणारा नट व्हेर्नर क्राउस याच्याजवळ तिची प्रत होती, आणि ती हातची सोडण्यास तो तयार नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर, १९७८ सालीं, ती बर्लिनच्या डॉइश किनेमाटेक या संस्थेनें विकत घेतली. तिचा संपूर्ण पाठ १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत काय निघालें? चौकट निघाली! ती पटांतील चौकट नव्हे: फ्रान्सिस आपल्या पत्नीसह सुखानें नांदत आहे, घरीं आलेल्या मित्रांच्या आग्रहावरून तो वीस वर्षांपूर्वींची हकीकत सांगतो, असा तिचा आरंभ आहे. चौकटीचा शेवट त्या प्रतींत नाहीं. म्हणजे फ्रान्सिस वेडा ठरतो ही कलाटणी मागाहूनची, हा यानोविट्झचा मुद्दा या कागदानें खोटा पडत नाहीं. परंतु निर्भेळ कथा एकीकडे आणि लादलेली चौकट दुसरीकडे, ही साधी विभागणी मात्र कोसळते. चौकटीची कल्पना लेखकांचीच होती.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. क्राकाउअरची मांडणी आम्हीं पुष्कळ दिवस खरी मानून इतरांस सांगितली होती. तिच्यांत तेज आहे, आणि तेजामुळेंच पुरावा मागण्याचें भान राहिलें नाहीं. पट पुन्हां पाहतां आणखी एक गोष्ट दिसली. फ्रान्सिसच्या कथेंत घरें तिरपीं, खिडक्या वेड्यावांकड्या, सावल्या भिंतीवर रंगविलेल्या आहेत. हें सर्व वेड्याच्या नजरेनें दिसलेलें जग असें समजावें, तर कथा संपल्यावर इस्पितळाचें अंगण सरळ दिसावयास हवें. तें तसें दिसत नाहीं. तेंच रंगविलेलें अंगण तेथें कायम आहे. मग शहाणें कोणास म्हणावें? चौकटीनें सत्तेचा जयजयकार केला हें म्हणणें केवळ कागदानेंच नव्हे, तर पटाच्या अंतर्गत पुराव्यानेंहि लंगडें पडतें.

प्रतींच्या शोधाचें महत्त्व याहून स्पष्ट दाखविणारा पट म्हणजे ‘नोस्फेरातू’. मुर्नाव या दिग्दर्शकाचा हा पट ४ मार्च १९२२ रोजीं बर्लिनमध्यें प्रथम दाखविला गेला. हेन्रिक गालेन यानें ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीवरून, परवानगी न घेतां, नांवें बदलून त्याची कथा रचली. स्टोकरच्या विधवेनें दावा लावला. प्राना ही निर्माती कंपनी दिवाळखोर निघाल्यामुळें पैसा मिळण्याची आशा नव्हती. शेवटीं १९२५ सालीं पटाच्या सर्व प्रती नष्ट कराव्या असा न्यायालयाचा हुकूम झाला. हुकूम सर्वत्र अमलांत आला नाहीं, कारण प्रती परदेशीं गेल्या होत्या. त्या प्रतींत पाठभेदांचा बाजार आहे. मूळ पटांतील काउंट ओरलोक अमेरिकन प्रतींत उघडपणें काउंट ड्रॅक्युला झाला आहे. विस्बोर्ग हें गांव ब्रेमेन झालें आहे. १९३० सालीं तर ‘बारावा तास’ या नांवानें कर्त्याच्या संमतीवांचून एक आवृत्ति निघाली व तींत नवे प्रसंग घुसडण्यांत आले. प्रक्षेपाचें याहून शुद्ध उदाहरण पोथ्यांतहि क्वचित् मिळेल.

पण सर्वांत घातक पाठभेद रंगाचा आहे. त्या काळीं रात्रीं चित्र घेणें कठीण असे. म्हणून दिवसा चित्र घेऊन फीत निळ्या रंगांत बुडवीत, आणि प्रेक्षक निळें तें रात्र असें समजे. पुढील नकला काळ्यापांढऱ्या झाल्या आणि रात्र पुसली गेली. आम्हीं हा पट प्रथम पाहिला तो असल्याच प्रतींत. लख्ख उन्हांत ओरलोक शवपेटी काखोटीस मारून गांवांतून चालला आहे, हें पाहून आम्हांस हंसूं आलें, आणि पट भोळसट आहे असा अभिप्राय आम्हीं बनविला. पॅरिसच्या सिनेमातेक फ्राँसेझ या संस्थेंतील १९२२ ची रंगीत प्रत आधारास घेऊन झालेली सुधारून सिद्ध केलेली प्रत मागाहून पाहिली. तेथें तेंच दृश्य निळें आहे, आणि हंसूं येत नाहीं. दोष मुर्नावचा नव्हता. आम्ही भ्रष्ट पाठावर टीका करीत होतों. रंग गेल्यामुळें अर्थहि गेला होता, कारण या पटांतील पिशाच्च सूर्यकिरणांनीं मरतें. स्टोकरच्या कादंबरींत ड्रॅक्युला दिवसाढवळ्या हिंडतो. उजेडानें पिशाच्च नाश पावतें हा पुढें सर्वमान्य झालेला नियम या पटापासून रूढ झाला. ज्या प्रतींत रात्र आणि पहांट यांचा भेदच उरला नाहीं, तींत हा शेवट कसा कळावा?

नांवाचा प्रश्न राहिला. या पटाचें पूर्ण नांव ‘नोस्फेरातू, भयाची एक संगीतरचना’ असें आहे. वर परीक्षिलेल्या कृतींत आपल्या शीर्षकांतच भयाचा झेंडा उभारणारी हीच पहिली. पुढें १९३१ सालीं अमेरिकेंत ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे बोलपट निघाले आणि ‘हॉरर’ हें धंद्याचें नांव रूढ झालें. १९३७ सालीं ब्रिटनमधील परीक्षक मंडळानें अशा पटांस ‘एच’ हें निराळें प्रमाणपत्र देण्यास आरंभ केला. सरकारी वा निमसरकारी शिक्का बसला म्हणजे जात ठरली असें मानूं नये. पण त्या शिक्क्यापूर्वींच्या कृतींस तें नांव देतांना आपण मागाहूनची उपाधि पूर्वजांस लावीत आहों, एवढें भान ठेवावें.

म्हणून आमचा निर्णय असा. भीतीचें साहित्य १६५९ पासून कागदावर आहे. तें पडद्यावर चालतें झालें तें १८९५-९६ सालीं, खेळ म्हणून. भय पाहणाऱ्याच्या आंत शिरलें तें १९१३ सालीं. त्यानें स्वतःचें नांव घेतलें तें १९२२ सालीं. आणि धंद्यानें व परीक्षकांनीं तें नांव नोंदलें तें १९३१ ते १९३७ या वर्षांत. यांपैकीं एकच साल उचलून त्यास ‘आद्य’ म्हणणें सोयीचें आहे, खरें नाहीं.

शेवटीं संग्राहकांस दोन शब्द. १९१० चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आज आहे तो अमेरिकेंतील एका खाजगी संग्राहकाच्या प्रतीमुळें. त्यानें ती जपली नसती तर आपल्याजवळ केवळ कंपनीची पत्रिका उरली असती. त्याचे उपकार मान्य करून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ती प्रत सरकारी ग्रंथालयाच्या हातीं जाऊन नीट सिद्ध होण्यास २०१८ साल उजाडलें. क्राउसनें पटकथा जपली, आणि झांकून ठेविली. तेवढ्या अवधींत बखरीनें जगभर राज्य केलें. आपल्याकडेहि राजवाड्यांस गांवोगांव हिंडून दप्तरें उघडवावीं लागलीं. ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या १९१३ सालच्या मूकपटाचीं म्हणून जीं रिळें उरलीं आहेत, तीं मूळचीं कीं १९१७ सालच्या दुसऱ्या पटाचीं, हा वाद अद्याप अभ्यासकांत आहे. एखाद्या वाड्याच्या माळ्यावर फितीचा डबा, खेळाची जाहिरात किंवा पटाचें कथासार छापलेली पुस्तिका पडली असेल, तर तिची नोंद करावी, नक्कल करूं द्यावी, आणि यादी प्रसिद्ध करावी. वरील विवेचनांत जाणत्यांस कांहीं चूक आढळल्यास त्यांनीं ती साधार दाखवावी.